६ व्होल्टची जीप आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

जुन्या जीपला सेल्फ मारला आणि आतून नुसतं दमलेलं घर्र घर्र ऐकू आलं की पहिली शिवी बॅटरीला बसते. नवी बॅटरी येते, काही दिवस बरं चालतं, मग परत तेच. मग सेल्फ उघडून नवे कार्बन टाकतात, मग बॅटरी चार्ज करणारा डायनमो वाइंडिंगला जातो, मग डायनमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट बदलतात, आणि शेवटी कोणीतरी शहाणा सांगतो की अहो ते ६ व्होल्टच बेकार, १२ करून टाका. एवढं सगळं करूनही प्रॉब्लेम बऱ्याचदा जागचा हललेला नसतो, कारण तो पार्टमध्ये नव्हताच, तो दोन पार्टांच्या मधे होता, एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली, रंगाच्या थराखाली नाहीतर हिरव्या पडलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या तांब्याच्या कडीत.

मी इथे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपबद्दल बोलतोय, म्हणजे विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार बनल्या, त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे आल्या आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्याच्या जास्तीच्या सामानाच्या विक्रीत, विकल्या गेल्या. पुढे स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्यामुळे पार्ट मिळत राहिले आणि गाड्या चालत राहिल्या. पण याचाच दुसरा अर्थ असा की आज आपल्याकडे जी ‘ओरिजिनल आर्मी जीप’ म्हणून दाखवतात तिच्यात तीन पिढ्यांचे पार्ट असू शकतात, ठिणगीची कॉइल एकीकडची, डायनमो दुसरीकडचा, आणि वायरिंग गावातल्या वायरमनने घरात लाइटफिटिंगला वापरतात त्या वायरीने केलेलं. म्हणून हात लावायच्या आधी बॉनेट उघडून नीट बघा की नक्की काय काय बसवलंय. बॅटरी ६ ची की १२ ची, आणि तिचं कुठलं टोक चासीला जोडलंय. एमबी आणि जीपीडब्ल्यूमध्ये निगेटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा आणि त्या सवयीने कोणीतरी उलटं जोडून ठेवलेलं असू शकतं.

आता ६ व्होल्टची भानगड समजून घेऊ, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. ४५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर पावणेचार अँपियर घेतो, तोच उजेड ६ व्होल्टवर पाहिजे तर साडेसात अँपियर लागतात. करंट दुप्पट. आणि जोडावर वाया जाणारे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले त्या जोडाचा रेझिस्टन्स, म्हणजे तोच गंजलेला जोड ६ व्होल्टच्या गाडीत दुप्पट व्होल्ट खातो, आणि तेसुद्धा मुळात निम्मेच असलेल्या व्होल्टमधून, म्हणून टक्केवारीत नुकसान चौपट. १२ व्होल्टच्या गाडीत जो जोड ‘चालतंय की’ म्हणून वर्षानुवर्षं खपून जातो तो इथे गाडी बंद पाडतो. उंचावरच्या टाकीत पाणी भरपूर असलं की नळात थोडा कचरा अडकलेला कळत नाही, टाकी जमिनीलगत असली की तोच कचरा धार बंद करतो, तसंच.

सेल्फचा हिशोब तर अजून भयंकर आहे. थंड इंजिन फिरवताना सेल्फ दीडशे-दोनशे अँपियर सहज ओढतो. एखाद्या जोडाचा रेझिस्टन्स ०.०१ ओहम धरा, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट. सहापैकी दोन गेले! बॅटरी बिचारी ठणठणीत आहे आणि सेल्फपर्यंत पोचतायत चारच. वरून ०.०१ ओहम आपल्या साध्या मल्टीमीटरवर दिसतच नाही, मीटर ०.० दाखवतो आणि बझर पण खुशाल वाजतो. केबलच्या पन्नास तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. म्हणून बझर लावून ‘कंटिन्युइटी आहे’ असं जे म्हणतात ना, ते सेल्फच्या लाइनीत काही कामाचं नाही. भरपूर करंट वाहत असताना व्होल्ट कुठे गळतायत ते मोजायचं, एवढीच खरी टेस्ट.

ती करायची कशी ते सांगतो, एक माणूस जोडीला घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. या जीपचा सेल्फ किल्लीवर नाही, फ्लोअरवर पायाने दाबायचा स्विच आहे, सेल्फचा अख्खा करंट त्याच स्विचमधून जातो आणि इग्निशनशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे इग्निशन बंद ठेवून सेल्फ फिरवता येतो, टेस्टला हे फार सोयीचं पडतं, पण गिअरमध्ये असेल तर गाडी उडी मारून तुमच्याच अंगावर येईल, तेवढं सांभाळा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरीच्या दोन्ही पोस्टवर मीटर लावा, पोस्टवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. फुल चार्ज बॅटरी शांत असताना ६.३ च्या आसपास दाखवते. आता सेल्फ मारायला सांगा. ५ च्या आसपास टिकली तर बॅटरी चांगली. साडेचारच्या खाली गेली तर बॅटरी संपत आलीये नाहीतर सेल्फ फाजील करंट ओढतोय.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. परत सेल्फ मारा. इथे जे व्होल्ट दिसतील ते सगळे वाटेत हरवलेले. सगळी लाइन मिळून ०.३ पर्यंत ठीक, त्याच्या वर असेल तर पिन एक एक जोड पुढे सरकवत जा. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यात किती, क्लॅम्प आणि केबलमध्ये किती, फ्लोअर स्विचच्या दोन बोल्टांमध्ये किती. कुठल्याही एका जोडावर ०.१ च्या वर दिसलं की चोर तिथे आहे. फ्लोअर स्विचवर बहुतेक वेळा सापडतोच, कारण आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खाल्लेले असतात आणि पावसाळ्यात बुटाचा चिखल थेट त्याच्यावरच पडतो.

आता अर्थची बाजू, जी कोणी बघतच नाही. एक पिन निगेटिव्ह पोस्टवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. सेल्फ मारा. इथे अर्धा-एक व्होल्ट दिसणं हे जुन्या जीपमध्ये इतकं कॉमन आहे की माझं मत विचाराल तर सुरुवातच इथून करावी. कारण असं की बॅटरीची निगेटिव्ह केबल जाते चासीला, आणि इंजिन बसलंय रबर माउंटिंगवर. रबरातून करंट जात नाही. इंजिन ते चासी जोडणारी जी विणलेली तांब्याची पट्टी असते तीच सेल्फचा परतीचा रस्ता, आणि तीच पट्टी इंजिन उतरवताना काढली जाते आणि परत लावायची राहते, नाहीतर ऑइल आणि गंजाने सडून दोन-चार तारांवर लटकत असते. मग दोनशे अँपियर परत जाणार कुठून? मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोकसारख्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला तर पुढचं काही तपासायची गरज नाही, इंजिनचा अर्थ गेलाय.

इथे एक गंमत सांगतो. खडखड्या, धुळीने भरलेल्या जीपपेक्षा हौसेने रिस्टोअर केलेल्या चकाचक जीपमध्ये अर्थचे प्रॉब्लेम जास्त असतात. चासीला पावडर कोटिंग, बॉडीला प्रायमर आणि वर ऑलिव्ह ग्रीनचे चार हात, ब्रॅकेट वेगळे रंगवलेले, बोल्ट नवे. दिसायला झकास, पण प्रत्येक जोडात रंगाचा पडदा. आर्मीने मुद्दाम दात असलेले वॉशर वापरले होते, ते रंग फोडून लोखंडात रुततात आणि अर्थ पक्का करतात. रिस्टोअर करणारा ते गंजके वॉशर फेकून चकचकीत साधे वॉशर टाकतो. तर उपाय हाच की अर्थच्या प्रत्येक जागी रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने उडवायचा, लोखंड चकाकलं पाहिजे, दात असलेला वॉशर टाकून बोल्ट आवळायचा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून हवा बंद करायची. आधी रंग नाही, आवळल्यावर रंग.

केबलबद्दल पण हेच. दुकानात तयार मिळणारी बॅटरी केबल १२ व्होल्टच्या गाडीची असते, साधारण २० चौरस मिलिमीटरची. आपल्याला पाहिजे ५० च्या आसपास. वेल्डिंग केबल ५० चौरस मिलिमीटरमध्ये सगळीकडे मिळते, लवचिक असते, ती आणून तांब्याचे जाड थिंबल दाबून घ्या. हातोड्याने चेपलेले थिंबल नको, प्रेसवरच दाबून आणा.

सुरक्षेचं पण आत्ताच सांगून टाकतो. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा अर्थ काढा, कारण या गाडीत बॅटरीकडून अँमीटरला जाणारी मेन वायर कायम जिवंत असते आणि तिच्यावर फ्यूज नाही. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पान्याने पॉझिटिव्ह आणि बॉडी एकत्र टेकली तर पाना वेल्ड होतो. आणि एमबीमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे! फ्युएल गेजचा सेंडर त्याच टाकीच्या डोक्यावर. तिथे वायर टेकवून ठिणगी पाडून बघणं हा प्रकार अजिबात करायचा नाही.

सेल्फ नीट फिरायला लागला की डॅशबोर्डवरच्या अँमीटरकडे बघायला शिका. बाकीच्या मीटरपैकी ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर हे दोन्ही मेकॅनिकल आहेत, त्यांचा विजेशी संबंध नाही. अँमीटरमधून मात्र सेल्फ सोडून जवळपास सगळा करंट जातो, त्यामुळे वाचता आलं तर हे एक मीटर निम्मं निदान करून देतं. सगळं बंद असताना काटा शून्यावर पाहिजे. जरा जरी डिस्चार्जकडे झुकलेला असेल तर काहीतरी गळतंय. काटा बारीक गळती दाखवणार नाही, त्यासाठी बॅटरीचा अर्थ काढून केबल आणि पोस्टच्या मधे ६ व्होल्टचा छोटा बल्ब लावा, पेटला तर गळती आहे, मग एक एक वायर सोडवत जा, जिथे विझेल ती लाइन.

आता इग्निशन चालू करा. इंजिन थांबलेलं असताना पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, जर जुळलेले असतील तर काटा थोडा डिस्चार्जकडे जातो. मग समोर हँडल लावून इंजिन हळूहळू फिरवा. काटा जातो-येतो, जातो-येतो असं झालं पाहिजे, कारण पॉइंट उघडतायत आणि मिटतायत. असं झालं तर इग्निशन स्विच, कॉइलची प्रायमरी म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, पॉइंट, सगळी लाइन एका झटक्यात तपासून झाली, एक स्क्रू न खोलता. काटा हललाच नाही तर कुठेतरी तुटलंय किंवा पॉइंटवर थर बसलाय, उभ्या गाडीत हे हमखास होतं. काटा डिस्चार्जलाच अडकून बसला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर किंवा पॉइंटकडे जाणारी वायर शॉर्ट आहे. पॉइंटचा गॅप ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर, प्लगचा ०.०३० इंच म्हणजे पाऊण मिलिमीटर.

एक लक्षण नेहमी विचारलं जातं. ‘सेल्फने काही केल्या चालू होत नाही, पण धक्का मारला की पहिल्या झटक्यात चालू.’ लोक लगेच कार्बोरेटर खोलतात. अहो, सेल्फ फिरताना अख्ख्या गाडीचे व्होल्ट ५ वर आलेले असतात, त्यात स्विच आणि जोडांनी अजून एक खाल्ला तर कॉइलला मिळतात चार, मग ठिणगी कशी पडेल? धक्का मारताना सेल्फ करंट ओढत नाही, कॉइलला पूर्ण व्होल्ट मिळतात, गाडी चालू. म्हणजे परत तोच आजार. कॉइलच्या पॉझिटिव्हवर मीटर लावून सेल्फ मारा आणि बॅटरीवर त्याच वेळी किती आहेत ते बघा, दोन्हीत फरक जास्त असेल तर इग्निशन स्विच आणि अँमीटरमागचे बोल्ट साफ करा.

आर्मीच्या जीपमध्ये इग्निशनला अजून एक भानगड असते जी सिव्हिल गाडीत सापडत नाही. रेडिओला खरखर येऊ नये म्हणून ठिणग्यांचा आवाज दाबायची सगळी व्यवस्था केलेली असायची, आणि अशा गाडीच्या बॉनेटवर नंबरच्या शेवटी ‘एस’ अक्षर रंगवलेलं असायचं. त्यासाठी प्लगच्या वायरींवर सप्रेसर नावाचे छोटे रेझिस्टर, ठिकठिकाणी फिल्टर म्हणजे डबीत बंद केलेले कंडेन्सर, आणि बॉनेट, बॉडी, चासी यांना एकमेकांना जोडणाऱ्या विणलेल्या पट्ट्या. ऐंशी वर्षांनी हे सप्रेसर आतून तुटत आलेले असतात, एका सिलिंडरचं मिसिंग काही केल्या जात नसेल तर ओहममीटरने चारही मोजून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा फारच जास्त दाखवेल. फिल्टरची डबी आतून शॉर्ट झाली तर त्या लाइनीचा सरळ अर्थ होतो, इग्निशन चालू केलं की अँमीटरचा काटा धाडकन डिस्चार्जच्या टोकाला. वायर सोडवून फिल्टर बाजूला काढा, काटा जागेवर आला तर फिल्टर मेलाय. फिल्टर नसला तरी गाडी मस्त चालते, फक्त रेडिओ खरखरतो, आणि आज कोण रेडिओ ऐकतंय तिच्यात. पट्ट्या मात्र काढू नका, त्या अर्थचंही काम करतात.

चार्जिंगकडे येऊ. आधी एक गैरसमज. जीपमध्ये डायनमो आहे, अल्टरनेटर नाही, आणि डायनमो आयडलवर चार्जच करत नाही. सिग्नलला उभे आहात, दिवे चालू आहेत, काटा डिस्चार्जला गेलाय, हे नॉर्मल आहे. रेस दिल्यावर काटा चार्जकडे आला की झालं. चालू केल्यावर सुरुवातीला काटा बराच वर जातो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू खाली येतो, असंच व्हायला पाहिजे. तासभर गाडी चालवूनही काटा वरच अडकलेला असेल तर बॅटरी चार्ज धरत नाही नाहीतर डायनमोला आवरणारा रेग्युलेटर चिकटलाय, आणि मग बॅटरीचं पाणी उकळून जातं. रेस दिल्यावर बॅटरीवर मीटर लावला की ७.२ ते ७.४ दिसायला हवेत.

चार्जच होत नसेल तर दोष डायनमोचा की रेग्युलेटरचा, हे ओळखायची एक झटपट टेस्ट आहे, पण ती कुठल्या जातीचा डायनमो आहे त्यावर अवलंबून आहे म्हणून नीट वाचा. ओरिजिनल जीपचा डायनमो ऑटोलाइटचा. त्याच्या फील्ड कॉइलला, म्हणजे आत चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला, अर्थ मिळतो तो रेग्युलेटरमधून, म्हणजे रेग्युलेटर अर्थ तोडून आणि जोडून चार्जिंग कमी-जास्त करतो. तर इंजिन आयडलच्या थोडं वर ठेवून ‘एफ’ लिहिलेला टर्मिनल वायरने क्षणभर अर्थला टेकवायचा. अँमीटरने चार्जकडे उडी मारली तर डायनमो ठीक, रेग्युलेटर खराब किंवा त्याचा अर्थ खराब. काहीच झालं नाही तर डायनमो उतरवा. क्षणभर म्हणजे क्षणभरच, आणि रेस वाढवायची नाही, कारण त्या वेळी डायनमोवर कोणाचाच लगाम नसतो. आता धोका असा की आपल्याकडे बऱ्याच जीपना नंतर लुकास पद्धतीचा डायनमो बसवलाय, त्यात फील्डचं एक टोक आतच अर्थला असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला करंट देतो. तिथे ‘एफ’ अर्थला टेकवला तर रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट जळतील. म्हणून म्हटलं, आधी बॉनेट उघडून काय बसवलंय ते बघा, प्लेट वाचा.

डायनमोमध्ये बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा पडलेला असतो. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, एमरी पेपर नको, त्याची पूड करंट वाहते आणि पट्ट्यांच्या मधे जाऊन बसते. डायनमो रिपेअर होऊन आला की लावल्यावर पोलॅरिटी द्यायची असते, हे आजकालचे वायरमन विसरतात कारण अल्टरनेटरला ते लागत नाही. ऑटोलाइटसाठी इंजिन चालू करायच्या आधी रेग्युलेटरचा बॅटरीचा टर्मिनल आणि आर्मेचरचा टर्मिनल वायरने एकदा टचकन टेकवायचे, छोटी ठिणगी पडते, झालं. हे नाही केलं तर डायनमो उलटा चार्ज करू शकतो, कटआउटचे कॉन्टॅक्ट थडथडतात आणि चिकटतात, आणि चिकटले की गाडी बंद असतानाही बॅटरी डायनमोतून रिकामी होत राहते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी डाऊन असेल तर डायनमोला हात लावून बघा, कोमट लागला तर हेच झालंय. रेग्युलेटरचं झाकण उघडून पत्रे वाकवत बसणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यात कटआउट, व्होल्टेज आणि करंट असे तीन वेगळे रिले आहेत आणि मीटर लावल्याशिवाय त्यांना हात लावून उपयोग नाही.

दिव्यांचं जरा मजेशीर आहे, कारण निम्मे ‘फॉल्ट’ हे फॉल्ट नसतातच. युद्धात विमानांना दिसू नये म्हणून ब्लॅकआउटचे वेगळे दिवे होते आणि मेन स्विच त्या हिशोबाने बनवलाय. खेचायचा स्विच असेल तर पहिल्या खेचीला फक्त ब्लॅकआउटचे मिणमिणते दिवे लागतात. त्याच्या पुढे खेचायला बाजूचं लॉकचं बटण दाबावं लागतं, अंधारात चुकून हेडलाइट लागू नये म्हणून. हे माहीत नसलेला माणूस स्विच खराब आहे म्हणून पकडीने ओढून मोडतो. ब्रेकच्या दिव्याचा करंटसुद्धा याच स्विचमधून जातो, स्विच पूर्ण आत असेल तर ब्रेक कितीही दाबा मागे काही पेटत नाही. आणि मागचा उजवा दिवा! ओरिजिनल गाडीत साधा टेललाइट आणि ब्रेकलाइट फक्त डाव्या बाजूला आहे. उजवीकडच्या दिव्यात दोन्ही घरं ब्लॅकआउटची, म्हणून हेडलाइट लावल्यावर उजवा मागचा दिवा पेटत नाही, आणि लोक वायर शोधत बसतात. आजच्या रस्त्यावर चालवायची असेल तर उजवीकडे पण साधा दिवा करून घ्या हे बरं, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला १९४४ चे नियम माहीत नसतात.

हेडलाइट आपोआप लागतायत-विझतायत असं झालं तर भूत नाही, स्विचच्या मागे थर्मल सर्किट ब्रेकर आहे, शॉर्टमुळे तापतो, तुटतो, गार होतो, परत जुळतो. दोन्ही हेडलाइट पिवळट असतील तर परत व्होल्टचाच हिशोब. साडेसात अँपियरच्या लाइनीत ०.१ ओहम फालतू रेझिस्टन्स असला तरी पाऊण व्होल्ट जातो, आणि बल्बचा उजेड व्होल्टच्या कितीतरी वेगाने पडतो, साडेबारा टक्के व्होल्ट कमी म्हणजे उजेड सुमारे ३५ टक्क्यांनी कमी. दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर टेकवून बघा, उजेड वाढला तर अर्थ खराब. या जीपचे हेडलाइट बिजागरावर आहेत, उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो, फार भारी आयडिया, पण त्या वळण्यात मागची वायर मोडते. ब्रेक दाबल्यावर दुसराच कुठला दिवा मंद होत असेल तर दोघांचा अर्थ एकच आणि तो सुटलाय. हॉर्न स्वतःहून वाजत असेल तर स्टिअरिंगच्या नळीतली वायर घासली गेलीये, कारण हॉर्नला करंट कायम असतो आणि बटण फक्त अर्थ देतं.

वायरिंग ओरिजिनल असेल तर भावना बाजूला ठेवा. आत रबर आणि बाहेर सुती विणकाम अशी ती वायर, सूत छान दिसतं पण आतलं रबर बिस्किटासारखं कडक होऊन तडकलेलं असतं आणि वाकवलं की गळून पडतं. पॅचवर पॅच मारण्यापेक्षा अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवीन करून घ्या, वायर ६ व्होल्टच्या हिशोबाने जाड घ्या, आणि मेन लाइनीवर फ्यूज आणि बॅटरीला कटऑफ स्विच टाका. वायरिंगचा नकाशा फेब्रुवारी १९४४ च्या टीएम ९-८०३ या अमेरिकन आर्मीच्या मॅन्युअलमध्ये आहे, तो प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावा. जुने टर्मिनल, होल्डर, स्विच हवे असतील तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत कुर्ल्याचं भंगार आहे, पण मल्टीमीटर खिशात ठेवूनच जा आणि तिथेच मोजून घ्या.

तुमची गाडी युद्धानंतरची एम-३८ वगैरे असेल तर ती २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. तिच्यात गळती टक्केवारीत कमी जाणवते, आणि वायरींवर नंबरच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात त्यामुळे शोधणं सोपं. तिथे एकच सांगणं, मोबाइल चार्जर किंवा म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि दोन्ही मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

राहता राहिला १२ व्होल्ट करायचा प्रश्न. करता येतं, बरेच जण करतात, ६ ची मोठी बॅटरी पटकन मिळत नाही हे कारण पण खरं आहे. पण मग सगळे बल्ब, कॉइल, हॉर्न, डायनमो-रेग्युलेटर बदलायचं, फ्युएल गेजला व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लावायचा, आणि सेल्फ जुनाच ठेवला तर तो इतक्या जोरात दात मारतो की फ्लायव्हीलच्या रिंगची वाट लागते. आणि खराब अर्थ तसाच राहिला तर तो १२ वर पण त्रास देणारच, थोडा उशिरा. ६ वरच राहायचं ठरवलं तर जुन्या स्कूटरची ६ व्होल्टची बॅटरी चालत नाही, ती अगदीच लहान असते, आपल्याला शंभर अँपियर-अवरच्या पुढची पाहिजे. मोठ्या शहरात बॅटरी बनवणारे ऑर्डरप्रमाणे तीन सेलची करून देतात. जाताना ट्रेची लांबी, रुंदी आणि बॉनेटपर्यंतची उंची टेपने मोजून न्या, उंच बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी बॉनेटला टेकली तर थेट शॉर्ट.